पथकं वाढली, ठाणी मागे राहिली

महाराष्ट्रातलं पोलिसांचं कुठलंही खास पथक घ्या, त्याच्या जन्मामागे एक मोठा धक्का सापडतो. फाळणीनंतरच्या अस्थिर काळात, १९४८ मध्ये, राज्य राखीव पोलीस दल (एसआरपी) सुरू झालं. पंजाबातले खलिस्तानी अतिरेकी मुंबईत आसरा घेऊ लागले तेव्हा १९९० मध्ये शहरात पहिलं दहशतवादविरोधी पथक (एटीएस) आलं. त्याच वर्षी गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढायला सी-६० उभं राहिलं. २००२ आणि २००३ मध्ये घाटकोपर, मुलुंड, झवेरी बाजार, गेटवे ऑफ इंडिया असे एकामागून एक स्फोट झाले. २००४ मध्ये राज्यभरासाठी आजचं एटीएस स्थापन झालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर वर्षभरात फोर्स वन आलं. याशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत दंगल नियंत्रण पथकं, शीघ्र कृती दलं, बॉम्बशोधक व नाशक पथकं आहेत, आणि मंत्र्यासंत्र्यांच्या संरक्षणासाठी राज्य गुप्तवार्ता विभागाखाली विशेष सुरक्षा विभाग आहे.

ही सगळी पथकं तीन वेगळ्या कामांसाठी आहेत: जमाव आवरणं, दहशतवादाशी लढणं आणि माणसांना संरक्षण देणं. या तीन कामांना लागणारी वृत्ती एकमेकींच्या जवळपासही नाही. जमावापुढे उभ्या असलेल्या शिपायाला धीर धरावा लागतो, ओलीस सोडवणाऱ्या कमांडोला क्षणात गोळी झाडावी लागते, आणि अंगरक्षकाला सगळं सोडून एका माणसाकडे लक्ष द्यावं लागतं. यांपैकी एकाची सवय दुसऱ्याच्या कामात शिरली की घात होतो. हे आपल्याकडे घडून गेलं आहे, चौकशी आयोगांनी लिहूनही ठेवलं आहे. पथक उभारण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत होतो. पुढचा नियमित सराव, मुलखाची माहिती, चुकीचा जाब विचारणारी यंत्रणा यांना वर्षं लागतात, आणि तिथेच आपण कमी पडलो, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात एसआरपीपासून करायला हवी, कारण सामान्य माणसाच्या वाट्याला खास पथक म्हणून येतं ते हेच. पुण्यात रामटेकडीवर दोन गट, दौंडला दोन, शिवाय जालना, नागपूर, धुळे, अमरावती, सोलापूर, गोरेगाव, हिंगोली, गडचिरोलीतलं देसाईगंज असे राज्यभर पसरलेले तळ. १९५१ च्या कायद्याने या दलाला त्याची आजची चौकट मिळाली. गावात कुठे तणाव झाला की कंपनी हलते. ट्रकमध्ये जवान, त्यांच्या वळकट्या, लाठ्या, ढाली, हेल्मेट, सोबत कंपनीचा मेस, म्हणजे मोठी पातेली, शेगड्या आणि धान्याची पोती. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा एखाद्या मंगल कार्यालयात. गणपतीचा बंदोबस्त संपला की नवरात्राचा, मग निवडणुकीचा, मधे एखादं आंदोलन. घरी कधी जाणार ते जवानाला शेवटपर्यंत माहीत नसतं. पॉइंटवर बारा-बारा तास उभं राहून पाय सुजलेला, नीट झोप न झालेला तरुण दगडफेकीला सामोरा जातो, तेव्हा त्याच्याकडून जो संयम अपेक्षित असतो तो आपण त्याला राहायला-जेवायला काय दिलं यावरही अवलंबून असतो. पोलीस सुधारणेच्या चर्चेत हा मुद्दा फार मागे पडतो.

एसआरपी त्या गावची नसते, यातच तिचं बळ आहे. स्थानिक पुढाऱ्याचा फोन तिला येत नाही, कुठल्या गल्लीशी तिचं नातं नसतं. पण त्याच कारणाने ती आंधळीही असते. समोरच्या दोनशे माणसांत भांडण लावणारे पाच कोण, मध्यस्थी करू शकणारी दोन वडीलधारी माणसं कोण, हे ठाण्यातल्या जुन्या हवालदाराला माहीत असतं, कंपनी कमांडरला नाही. म्हणून हवालदार पुढे आणि कंपनी मागे, ही मांडणी टिकते. कंपनी एकटी पुढे गेली की काय होतं ते ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात दिसलं. सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, संतापलेली वस्ती महामार्गावर उतरली, आणि एसआरपीच्या तुकडीने गोळीबार केला. दहा जण मेले. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, असं समर्थन पोलिसांनी दिलं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही, गोळीबार अनावश्यक होता असा निष्कर्ष त्यांनी काढला. तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये, बारा वर्षांनी, जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्याला जामीन दिला.

कायद्यात संदिग्धता नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये क्रम घालून दिला आहे: कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी, तो नसेल तर उपनिरीक्षकाच्या खाली नसलेला अधिकारी, बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देतो, जमाव हटला नाही तरच बळ. पोलिसांच्या नियमावल्या याच क्रमाने जातात. आधी ध्वनिक्षेपकावरून ताकीद, मग अश्रुधूर, मग लाठी, आणि सगळ्यात शेवटी, दुसरा इलाज उरला नाही तर, कमरेखाली नेम धरून मोजक्या गोळ्या. प्रश्न येतो तो या पायऱ्या गाळल्या जातात तेव्हा. ऑगस्ट २०११ मध्ये मावळात पवनेच्या जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मेले, त्यांत एक महिला होती. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी झालेल्या लाठीमाराने एका गावातलं आंदोलन साऱ्या मराठवाड्यात पेटलं. चुकीच्या वेळी उगारलेली लाठी जमाव पांगवत नाही, वाढवते, हे तिथून पुढचे कित्येक महिने सरकारला भोगावं लागलं.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल तर या विषयावरचं मूळ कागदपत्र म्हणून वाचायला हवा. सुमारे नऊशे मृत्यूंपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात झाले, आणि दलातल्या अनेकांच्या मनात मुसलमानांविषयी पूर्वग्रह होता, हे आयोगाने स्पष्ट लिहिलं. त्यातलं एक प्रकरण इथे विशेष महत्त्वाचं आहे. ९ जानेवारी १९९३ ला मोहम्मद अली रोडवरच्या सुलेमान उस्मान बेकरीवर पोलिसांचं विशेष कृती पथक धाडलं गेलं. हे पथक दहशतवाद्यांशी लढण्यासाठी घडवलेलं होतं. गच्चीवरून स्वयंचलित शस्त्रांनी गोळीबार होतोय, असं सांगितलं गेलं. पथक आत शिरलं, माणसं मेली, पण तशी शस्त्रं सापडली नाहीत. आयोगाने पोलिसांचं म्हणणं स्वीकारलं नाही. पुढे खटल्यात वरिष्ठ अधिकारी आरोपमुक्त झाले. व्यक्तींचा दोष न्यायालयाने ठरवायचा. पण कमांडो पथकाला दंगलीत पाठवण्याचा निर्णय मुळातच चुकीचा होता, हे म्हणायला कुठल्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. आत शिरून समोरच्याला संपवायचं शिकवलेल्या माणसासमोर बेकरीतला कामगारही शत्रू म्हणूनच येतो.

केंद्राने याच काळात वेगळा मार्ग धरला. सीआरपीएफच्या काही बटालियन निवडून ऑक्टोबर १९९२ मध्ये दंगलींसाठी स्वतःचं जलद कृती दल उभारलं. निळा गणवेश, दंगलीचंच खास शिक्षण, जीव न घेणाऱ्या साधनांवर भर. त्यांची एक बटालियन नवी मुंबईत तळोज्याला आहे. ते आले की वस्तीत थोडा विश्वास येतो, हे अनेक शहरांतल्या लोकांनी बोलून दाखवलं आहे.

संयमाचंही एक उदाहरण नोंदवायला हवं, कारण त्याची किंमत एका अधिकाऱ्याने मोजली. ११ ऑगस्ट २०१२ ला मुंबईच्या आझाद मैदानावरचा मोर्चा हिंसक झाला. पोलिसांवर हल्ले झाले, महिला पोलिसांशी गैरवर्तन झालं, अमर जवान स्मारक फोडलं गेलं, दोघांचा मृत्यू झाला. तेव्हाचे आयुक्त अरूप पटनाईक स्वतः मैदानावर आले आणि त्यांनी आपल्या माणसांना आवरलं. हजारोंच्या गर्दीत अंदाधुंद गोळीबार झाला असता तर रमजानच्या त्या दिवसांत शहरभर काय पेटलं असतं याची कल्पना करवत नाही. पण स्वतःच्या दलात आणि बाहेरही त्यांच्यावर टीका झाली, आणि काही दिवसांतच त्यांची बदली झाली. जमाव हाताळणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने त्यातून काय धडा घेतला असेल?

दहशतवादविरोधी पथकाची गोष्ट गुंतागुंतीची आहे, कारण एटीएसकडे दोन कामं आहेत. माहिती काढून हल्ला थांबवायचा, आणि हल्ला झालाच तर तपास करून आरोपपत्र ठेवायचं. १९९० चं मुंबईतलं पहिलं पथक आफताब अहमद खान यांनी लॉस एंजेलिसच्या पोलीस पथकाच्या धर्तीवर बांधलं होतं. नोव्हेंबर १९९१ मधली लोखंडवाला संकुलातली चकमक त्याच पथकाची. त्यात माया डोळस आणि त्याचे साथीदार मारले गेले. अतिरेक्यांसाठी घडवलेलं पथक टोळीवाल्यांवर वापरलं गेलं, आणि पुढच्या दशकात मुंबईत चकमकींचं जे पर्व आलं त्याची एक पायवाट तिथून निघाली.

२००४ चं एटीएस यापेक्षा वेगळं आहे. त्याचं खरं काम न्यायालयात सिद्ध व्हायचं असतं. त्या कसोटीवर एक लख्ख यश आहे. मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर पाठलाग करून पथकाने गाडी पकडली. तिच्यात आरडीएक्स आणि एके-४७ रायफली होत्या. औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं, आणि २०१६ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने त्यात १२ जणांना दोषी ठरवलं. तो साठा वापरला गेला असता तर काय झालं असतं, या विचाराने आजही धडकी भरते.

दुसऱ्या बाजूला जुलै २०२५ आहे. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक प्रवासी मेले. एटीएसने तपास केला, २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता, साक्षीदार शंभरहून अधिक दिवस गप्प राहून मग पुढे आले, अशी ती निरीक्षणं होती. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत त्या निकालाचा दाखला म्हणून वापर थांबवला, सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. त्यानंतर ३१ जुलैला मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला. हा तपास हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखाली एटीएसने केला होता, २०११ मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. मोटारसायकल कुणाची हे सिद्ध झालं नाही, पंचनामे आणि मंजुऱ्यांत त्रुटी राहिल्या, तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले.

या दोन निकालांवर आपापल्या बाजूने बोलणारे भरपूर निघाले. एका निकालावर आनंद आणि दुसऱ्यावर संताप, किंवा त्याच्या उलट. मला हे दोन्ही निकाल एकत्र वाचायला हवेत असं वाटतं. लोकलमध्ये मेलेल्या माणसांच्या घरच्यांना आणि मालेगावच्या भिक्कू चौकात मेलेल्या सहा जणांच्या घरच्यांना एकच उत्तर मिळालं आहे: कुणी मारलं ते सतरा-एकोणीस वर्षांनीही सिद्ध झालेलं नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटातही हेच घडलं. एटीएसने पकडलेल्या तरुणांनी पाच वर्षं तुरुंगात काढली, मग तपास दुसरीकडे वळला, आणि २०१६ मध्ये ते आरोपमुक्त झाले. पुण्याच्या जर्मन बेकरी स्फोटात फाशी झालेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कटाच्या आरोपातून मुक्त करून केवळ स्फोटक बाळगल्याबद्दल जन्मठेप कायम ठेवली.

याची कारणं शोधायला फार खोल जावं लागत नाही. स्फोटानंतर काही दिवसांत आरोपी दाखवा, असा दबाव येतो. तो दबाव कबुलीजबाबाकडे ढकलतो, कारण मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा मानला जातो. मग शास्त्रीय पुरावा, जप्तीची सील, साक्षीदाराचा जबाब वेळेत नोंदवणं ही कंटाळवाणी कामं मागे राहतात, आणि खटला उभा असतो तो नेमका याच कामांवर. शिवाय पथकं एकमेकांशी बोलत नाहीत. २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने पकडलेल्या इंडियन मुजाहिदीनच्या एका आरोपीने लोकलमधले स्फोट आपल्या गटाने केल्याचं सांगितलं होतं. पुढे त्याने ते फिरवलं. एकाच शहरातल्या दोन यंत्रणांच्या हातात एकाच गुन्ह्याच्या दोन कहाण्या होत्या. त्या समोरासमोर ठेवून तपासण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. दोषमुक्तीनंतर तपासाचं आतून परीक्षण करायचं, कुठे चुकलं ते लिहून काढायचं, अशी काही रीत आपल्याकडे नाही. एटीएसची सगळ्यात मोठी उणीव मला हीच वाटते. अधिक माणसं आणि अधिक गाड्यांनी ती भरून निघणार नाही.

फोर्स वनची कथा सव्वीस अकराशिवाय सांगता येत नाही. त्या हल्ल्यात दहा हल्लेखोर होते, १६६ माणसं मेली. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल हरियाणातल्या मानेसरहून निघून मुंबईत पोहोचेपर्यंत पहाट उलटली होती. तोवर शहराने जे केलं ते ठाण्यातल्या पोलिसांनी केलं. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने नोंदवलेली एक गोष्ट वाचून मन सुन्न होतं: मुंबईच्या शीघ्र कृती दलाने, म्हणजे नेमक्या अशा प्रसंगासाठी राखलेल्या पथकाने, काडतुसांच्या तुटवड्यामुळे सप्टेंबर २००७ पासून नेमबाजीचा सराव केला नव्हता. पथक होतं, गणवेश होता, नाव होतं, गोळ्या नव्हत्या.

आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर डी. बी. मार्ग ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे उभे होते. हल्लेखोरांनी पळवलेली स्कोडा अडली, त्यांच्यातला कसाब बाहेर पडला, आणि ओंबळ्यांनी त्याच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या तरी त्यांनी पकड सोडली नाही, म्हणून बाकीच्यांना कसाबला जिवंत पकडता आलं. सगळ्या हल्ल्याचा पाकिस्तानपर्यंतचा धागा जिवंत पकडलेल्या त्या एका माणसामुळे न्यायालयात मांडता आला. ओंबळ्यांच्या शौर्याला अशोकचक्र मिळालं, ते योग्यच. पण पहिल्या दहा मिनिटांत तिथे जो असतो तो ठाण्याचा माणूस असतो, हा त्या रात्रीचा धडा धोरणात पुरेसा उतरला नाही. कितीही चपळ कमांडो पथक असलं तरी ते दुसरं येतं.

फोर्स वन नोव्हेंबर २००९ मध्ये कार्यान्वित झालं. सुमारे तीन हजार इच्छुकांतून २१६ जवान निवडले गेले. त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचं एक केंद्र मुंबईतही आलं. म्हणजे आज विमानाची वाट पाहायची वेळ येणार नाही. हा फरक मोठा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. मात्र अशा पथकाची परीक्षा वर्षानुवर्षं येत नाही, येऊही नये. न वापरलेलं पथक धारदार ठेवायला नियमित गोळ्या, सरावाचं मैदान आणि तरुण माणसं लागतात, आणि कमांडोचं वय झालं की त्याला सन्मानाने ठाण्यात किंवा प्रशिक्षण केंद्रात नेमायची सोय लागते. तो तिथे गेला की ठाण्याचंही भलं होतं.

गडचिरोलीचं सी-६० हे या सगळ्यांत निराळं. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचं हे पथक उभारलं, म्हणून ते नाव. जवान त्याच जिल्ह्यातले. गोंडी, माडिया बोलणारे, जंगलात वाढलेले. तुकडी तिच्या म्होरक्याच्या नावाने ओळखली जाते. भामरागड, एटापल्लीच्या जंगलात कुठली पायवाट पावसात बंद होते, कुठल्या गावात परका माणूस आला की कुत्री भुंकतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. एसआरपीला जे मिळत नाही ते इथे जन्मानेच मिळालं आहे.

पण या जिल्ह्यातल्या पोलिसांनी मोजलेली किंमतही आठवली पाहिजे. २००९ हे एकच वर्ष घ्या: फेब्रुवारीत मर्केगाव, मे महिन्यात हत्तीगोटा, ऑक्टोबरात लाहेरी, अशा तीन घटनांत मिळून जवळजवळ पन्नास पोलीस गेले. हत्तीगोट्याला त्यांत पाच महिला होत्या. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ खासगी गाडीतून निघालेल्या शीघ्र कृती दलाच्या १५ जवानांना आणि चालकाला भूसुरुंगाने उडवलं. सुरुंगाच्या मुलखात रस्ता तपासल्याशिवाय गाडीने जायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ होता. घाईत तो मोडला गेला. दुसऱ्या बाजूने एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरात ४० नक्षलवादी मारले गेल्याचं पोलिसांनी जाहीर केलं, तेव्हा गट्टेपल्लीच्या काही कुटुंबांनी आमची पोरं नक्षलवादी नव्हती असं सांगितलं. त्या प्रश्नाचं समाधान होईल असं उत्तर त्या आईबापांना मिळालं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीत मिलिंद तेलतुंबडे या नेत्यासह पंचवीसहून अधिक माओवादी मारले गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती नावाने ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव हा त्यांचा सर्वोच्च नेत्यांपैकी एक, साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला.

या बदलाचं सारं श्रेय बंदुकीला देणं मला पटत नाही. गेल्या काही वर्षांत गडचिरोलीच्या दुर्गम पोलीस मदत केंद्रांतून ‘पोलीस दादालोरा खिडकी’ सुरू झाली. जातीचा दाखला, आधार, शेतीच्या योजना, नोकरीचे अर्ज, यांसाठी तालुक्याला पायपीट करणारा माणूस आता पोलिसांच्या खिडकीवर येतो. पोलिसांनी महसूल खात्याचं काम करावं हे आदर्श नाही. बाकीचं शासन तिथे पोहोचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण जिथे पोलीस म्हणजे फक्त झडती अशी ओळख होती तिथे ही खिडकी महत्त्वाची ठरली. सी-६० चं यश या ठाण्यांना जोडलेलं आहे, आणि म्हणूनच त्याची नक्कल दुसरीकडे करताना फक्त कमांडोंचं प्रशिक्षण उचललं तर हाती काही लागणार नाही.

उरलं संरक्षण. १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य बाजारातून घरी निघाले होते, गाडी स्वतः चालवत होते. पत्नी आणि अंगरक्षक गाडीतच होते. मोटारसायकलवरून आलेल्या खलिस्तानी मारेकऱ्यांनी त्यांना जागीच ठार केलं. धमक्या आल्या होत्या हे सर्वांना माहीत होतं. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या रात्री, फटाके वाजत असताना वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली. त्यांच्यासोबत पोलीस अंगरक्षक होता, त्याला नंतर निलंबित केलं गेलं. दोन हत्यांमध्ये अडतीस वर्षं आहेत, पण उणीव तीच. एक शिपाई सोबत दिला की संरक्षण दिलं, अशी समजूत. धोका कुठून येईल, रोजची वाट कोणती, ती बदलता येईल का, गाडीभोवती कोण फिरतंय, ही माहिती काढणं म्हणजे संरक्षण. सोबतचा शिपाई हा त्यातला शेवटचा दुवा.

एक गणित साधं आहे. एका माणसामागे चोवीस तास एक अंगरक्षक ठेवायचा तर पाळ्यांसाठी किमान तीन पोलीस अडकतात, सुट्ट्या धरल्या तर त्याहून जास्त. आमदार, माजी आमदार, पक्षांचे पदाधिकारी, बिल्डर, अशी यादी वाढत गेली की तेवढी माणसं ठाण्यातून वजा होतात. धोक्याचा आढावा घेणाऱ्या समित्या आहेत, पण सरकार बदललं की कुणाची सुरक्षा वाढते आणि कुणाची घटते हे पाहिलं, तर निकष केवळ धोक्याचा नाही, हे कुणालाही कळतं. केंद्राने या बाबतीत दोन चांगले निर्णय घेतले: २०१९ मध्ये विशेष संरक्षण गटाचं काम पंतप्रधानांपुरतं आणि ठरावीक काळ माजी पंतप्रधानांपुरतं आणलं, आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाला व्यक्तींच्या संरक्षणातून मोकळं करायचं ठरवलं. कमांडोने दहशतवादाशीच लढावं.

ज्यांना संरक्षण खरोखर लागतं ते यादीत खाली असतात. जातीबाहेर लग्न केलेली जोडपी, जमिनीच्या घोटाळ्यावर माहिती अधिकारात अर्ज करणारा कार्यकर्ता, आणि साक्षीदार. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. मालेगाव खटल्यातले फितूर साक्षीदार डोळ्यांसमोर आणले तर त्या कायद्याला माणसं आणि पैसा देणं हे एटीएसला नव्या गाड्या देण्याइतकंच दहशतवादविरोधी काम आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सांगितलं होतं की तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने प्राधिकरणाची तरतूद केली. खेड्यातल्या, वस्तीतल्या किती लोकांना ते आहे हे ठाऊक असेल? ठाण्यात आजही तोच उपनिरीक्षक सकाळी मोर्चाच्या बंदोबस्ताला जातो, दुपारी मंत्र्यांच्या ताफ्याला, आणि रात्री येऊन खुनाच्या तपासाची डायरी लिहितो. एटीएसच्या तपासात जे दोष दिसले ते शिकायची शाळा हीच आहे.

आणि एक मोठी जागा अजून मोकळीच आहे. महाराष्ट्रात गर्दीत माणसं केवळ बॉम्बने किंवा गोळीबाराने मेलेली नाहीत, चेंगरूनही मेली आहेत. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारी मोर्चात लाठीमारानंतर पळापळ झाली आणि ११४ जण मेले, बहुतेक बाया आणि मुलं. ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९. जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीच्या डोंगरावर सुमारे तीनशे. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३. यातला कुणीही दंगलखोर नव्हता. आपली सगळी खास पथकं समोरच्याला प्रतिस्पर्धी मानून घडवलेली आहेत. गर्दीची घनता मोजणारं, वाट वेळेत मोकळी करणारं, लोंढा अरुंद जागेत शिरण्याआधी मागेच थोपवणारं पथक आपल्याकडे नाही. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची शाहीस्नानं आहेत. रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांची रुंदी २००३ पेक्षा फार वाढलेली नाही, येणारी माणसं मात्र कितीतरी जास्त असतील. त्या बंदोबस्तासाठी राज्यभरातून कंपन्या येतीलच. त्यांना आधी महिनाभर नाशकात आणून, प्रत्येक तुकडीसोबत पंचवटी आणि भद्रकाली ठाण्यातला गल्ल्या जाणणारा एकेक माणूस देऊन, लाठीऐवजी वाट दाखवायचा सराव करून घेता येईल. त्याला नवं पथक लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.